शेवटच्या माणसाची चाल

आपल्याकडे भाऊबीजेची ओवाळणी चाललेली असते, त्याच दिवशी तिकडे गढवालात केदारनाथाच्या मंदिराचे दरवाजे बंद होतात. देव डोलीत बसून खाली ऊखीमठाला येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत तिथेच त्यांची पूजा चालते. पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब सरळ होता. हिवाळ्यात जिथे देवसुद्धा राहत नाहीत, तिथे माणसाने जायचे कारणच काय? आपल्या आजी-आजोबांनी चारधाम केले ते मे-जूनमध्ये, गरम शाली आणि मेतकुटाचे डबे बरोबर घेऊन. हिमालय ही उन्हाळ्यात जायची आणि पुण्य घेऊन परतायची जागा होती.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत हा हिशेब उलटा झाला आहे. डिसेंबर उजाडला की पुण्या-ठाण्याची, नाशिक-नागपूरची मंडळी पाठीवर पिशव्या बांधून डेहराडूनच्या गाडीत बसतात. त्यांत कॉलेजातली मुले असतात तशी पन्नाशीची जोडपीही असतात. त्यांना देवळात जायचे नसते. त्यांना बर्फातून चालायचे असते. एकेकट्याने नव्हे, तर पंधरा-वीस जणांच्या तुकडीने, स्थानिक वाटाड्याच्या मागून. घरी राहिलेली वडीलधारी मंडळी विचारतात, “पैसे देऊन थंडीत कुडकुडायला कशाला जायचे?” प्रश्न अगदीच गैरलागू नाही. २०२३ च्या जानेवारीअखेर आम्ही दोघे अशा एका तुकडीबरोबर केदारकंठ्याला जाऊन आलो, तेव्हा मीही तो मनाशी बाळगूनच निघाले होते.

बर्फाची वर्णने दिवाळी अंकांतून पुष्कळ झाली आहेत. शुभ्र, चंदेरी, दुधासारखे वगैरे विशेषणे आता पार झिजून गेली. मला सांगायचे आहे ते चालण्याविषयी, आणि त्यातही चौदा अनोळखी माणसांनी एकाच्या मागून एक चालण्याविषयी.

कळसूबाईहून उंच गाव

केदारकंठा हे शिखर उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशुविहार या अभयारण्याच्या हद्दीत आहे. गोविंद वल्लभ पंतांचे नाव दिलेले हे अभयारण्य १९५५ साली जाहीर झाले आणि त्यातल्या वरच्या भागाला पुढे राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे ९५८ चौरस किलोमीटर. खाली चीड आणि बांज, मध्ये देवदार आणि खर्सू, त्यावर बुग्याल म्हणतात ती गवताळ कुरणे आणि सर्वांत वर हिम. हिमबिबट्या इथे आहे, कस्तुरीमृग आहे, मोनाल आहे. हिवाळी वाटसरूला यांपैकी मोनाल दिसला तरी नशीब म्हणायचे. बिबट्या मात्र आपल्याला पाहत असावा, असे रात्री तंबूत वाटत राहते.

डेहराडूनहून मसुरीवरून निघालेली गाडी यमुनेच्या काठाने नौगावला येते आणि तिथून पुरोला, मोरी, नैटवाड करीत संध्याकाळी सांकरीला पोहोचते. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण दिवस पुरा जातो. नैटवाडला रूपिन आणि सूपिन या दोन नद्या मिळतात आणि त्यांची टोन्स होते. हीच टोन्स पुढे यमुनेला मिळते. तिथल्याच नाक्यावर वनखात्याची माणसे ओळखपत्रे पाहून, शुल्क घेऊन परवाने देतात. नैटवाडला पोखू देवतेचे देऊळ आहे. हा देव इतका कडक, की त्याच्याकडे पाठ करून पूजा करायची, त्याच्याकडे वळून पाहायचे नाही, असे तिथे सांगतात. वळून पाहण्याचा हा विषय पुढे पुन्हा निघणार आहे, म्हणून एवढे सांगून ठेवते.

सांकरीची उंची साधारण साडेसहा हजार फूट. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर मोठ्या दिमाखात फोटो काढणारे आपण, त्याहूनही हजारेक फूट उंचीवर इथे लोक शाळेत जातात, लग्ने करतात आणि सफरचंदाच्या बागा राखतात. घरे दगड-लाकडाची, लाकडी सज्जे असलेली. शिखर साडेबारा हजार फुटांवर. मधले सहा हजार फूट तीन दिवसांत चढायचे. पहिला मुक्काम जुडा-का-तालाब या रानातल्या तळ्याकाठी, दुसरा शिखराच्या पायथ्याशी सव्वाअकरा हजार फुटांवर, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारात निघून माथा. हिमालयातल्या वाटांमध्ये ही वाट सोपी समजतात. तिच्यावरची गर्दीही याच सोपेपणामुळे झालेली आहे.

भैजी

आमच्या तुकडीत चौदा जण होते. त्यांत नाशिकचे बँकेतले एक गृहस्थ आणि त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका, पुण्यातली चार संगणकवाली मुले, इंदूरचे एक मराठी जोडपे, बंगळूरच्या तीन मैत्रिणी आणि आम्ही दोघे. बरोबर एक मुख्य वाटाड्या, दोन साहाय्यक, स्वयंपाकी आणि ओझी वाहणारी माणसे. मुख्य वाटाड्या पस्तिशीचा असेल. शेजारच्याच गावचा. उत्तरकाशीला १९६५ साली निघालेल्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत शिकून आलेला. सगळे त्याला भैजी म्हणत. गढवालीत भैजी म्हणजे थोरला भाऊ. दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या बाईसुद्धा, वयाने त्याच्या आईएवढ्या असून, त्याला भैजी म्हणू लागल्या.

पहिल्या संध्याकाळी शेकोटीभोवती त्याने सूचना दिल्या. सुती कपडे अंगालगत घालायचे नाहीत, कारण सूत घाम धरून ठेवते आणि थांबल्यावर तोच घाम गारठतो. एक जाड कोट घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे थर घालायचे आणि चालताना एकेक उतरवायचे. तहान नसली तरी पाणी प्यायचे. डोके दुखले, मळमळले, भूक गेली तर लपवायचे नाही. इथवर ठीक होते. या गोष्टी आम्ही छापील पत्रकात वाचूनच गेलो होतो.

मग तो म्हणाला, “उद्या सर्वांत पुढे माझ्या मागे या माताजी चालतील.” आणि त्याने साताऱ्याच्या बाईंकडे बोट दाखवले. बाईंचा गुडघा थोडा दुखरा होता आणि गावातून फिरताना त्या सर्वांत मागे राहिल्या होत्या, हे त्याने न बोलता टिपून ठेवले होते. पुण्याच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिले. सर्वांत हळू चालणाऱ्याला सर्वांत पुढे ठेवायचे म्हणजे बैलगाडी पुढे आणि मोटारी मागे!

यामागचे कारण दुसऱ्या दिवशी कळले. हळू चालणारा माणूस शेवटी राहिला, की पुढचे लोक थांबून त्याची वाट पाहतात. तो धापा टाकत पोहोचतो आणि तो पोहोचला म्हणून बाकीचे लगेच निघतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. मागे पडल्याच्या लाजेने तो आणखी घाई करतो आणि आणखी थकतो. तोच पुढे असला की रांग तुटत नाही आणि कुणाला धाप लागत नाही. आमच्या मागून निघालेल्या दोन तुकड्या सकाळी आम्हांला ओलांडून गेल्या. दुपारी त्या वाटेत विस्कळीत होऊन बसलेल्या आम्हांला दिसल्या. आम्ही बाईंच्या गुडघ्याच्या चालीने, न थांबता, त्यांच्या आधी तळ्यावर पोहोचलो.

रांगेच्या शेवटी एक साहाय्यक असे. त्याच्या मागे कुणी राहायचे नाही, हा नियम. आणि भैजी दर पाच-दहा मिनिटांनी मागे वळून मोजी. ओठ हलताना दिसत. चौदा भरले की पुन्हा चालू लागे.

बर्फाला शब्द किती?

आपल्या भाषेला या मुलुखात जरा ओशाळवाणे होते. आभाळातून पिसासारखे पडते ते बर्फ, पायाखाली काचेसारखे कडक होते ते बर्फ, आणि उसाच्या रसात घालतात तेही बर्फच! संस्कृतातून आलेला ‘हिम’ आपण कवितेपुरता राखून ठेवला. जिथे जे पडतच नाही, तिथल्या भाषेने त्याला नावे तरी का ठेवावीत? गढवालीत ताज्या पडलेल्या हिमाला ‘ह्यूं’ म्हणतात. ह्यूं प्रेमळ असते. त्यात पाय रुततो, पण घसरत नाही. दिवसा थोडे वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या थराला तिथे ‘पाला’ म्हणतात, आणि वाटाडे घाबरतात ते या पाल्याला. सकाळच्या सावलीतल्या वळणावर भैजी काठी आपटून बघे. ‘खस्स’ आवाज आला तर पुढे, ‘टण्ण’ वाजले तर थांबा आणि बुटांना खिळ्यांच्या साखळ्या चढवा.

हे बर्फ येते कुठून, तेही ऐकण्यासारखे आहे. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो. हिमालयातला हिवाळी बर्फ येतो पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेली वादळी हवा इराण-अफगाणिस्तान ओलांडून, ओलावा घेऊन पर्वताला धडकते. हवामानखाते त्याला पश्चिमी विक्षोभ म्हणते. असे काही विक्षोभ हिवाळ्यात लागोपाठ आले, तर गहू पिकतो, नद्यांना उन्हाळ्यात पाणी राहते आणि सांकरीत तुकड्या येतात. ते आले नाहीत, तर सगळेच कोरडे. २०२४ च्या जानेवारीत पश्चिम हिमालयात बर्फ फारच थोडे पडले होते. असे हिवाळे आले, की पर्यटक निराश होऊन परततात एवढेच आपल्याला दिसते. गावकऱ्याला मात्र त्यात पुढच्या सफरचंदाची काळजी दिसते, कारण त्या झाडाला फळ धरायला पुरेशी थंडी लागते.

जुडा-का-तालाब गोठलेले होते. शंकराच्या जटेतून ओघळलेल्या पाण्याचे हे तळे, असे सांगतात. देवदारांच्या मध्ये ते पांढऱ्या परातीसारखे दिसत होते. तिथून पुढे झाडे विरळ होत गेली आणि श्वास आखूड होत गेला. शिखरावर आपण एका श्वासात जितका प्राणवायू घेतो, तो समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमीच असतो. पायथ्याच्या तळावर पाणी ८८-८९ अंशांनाच उकळते. त्यामुळे उघड्या पातेल्यातला भात शिजता शिजत नाही आणि स्वयंपाकी कुकर पाठीवर वाहून आणतो. त्या कुकरच्या शिट्टीचा आवाज सव्वाअकरा हजार फुटांवर ऐकला, तेव्हा माहेरची आठवण आली म्हणा ना!

पायथ्याची रात्र

त्या रात्रीची हकीकत जरा सविस्तर सांगते.

नाशिकच्या गृहस्थांचा मुलगा आमच्यातला सर्वांत दणकट. पोहणारा, सायकल चालवणारा. दोन दिवस तो रांगेत नाइलाजाने चालला होता. पायथ्याच्या तळावर मात्र तो सर्वांच्या आधी धावत पोहोचला. दुपारी आले-लसणाचे गरम सूप आले, ते त्याने घेतले नाही. संध्याकाळी खिचडी आली. सांकरीपासून एक झुबकेदार शेपटीचे काळे कुत्रे आमच्याबरोबर आले होते. मुलाने आपली थाळी त्याच्यापुढे ठेवली आणि तो तंबूत जाऊन पडला. “दमलाय,” वडील म्हणाले. आम्हांलाही तसेच वाटले.

भैजीने कुत्र्यापुढची थाळी पाहिली. तो तंबूपाशी गेला, मुलाला बाहेर बोलावले आणि म्हणाला, “या रेघेवरून चालून दाखव. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत.” बर्फावर त्याने काठीने दहा पावलांची रेघ ओढली होती. मुलगा हसला. चौथ्या पावलाला त्याचा तोल गेला. पुन्हा सांगितले, पुन्हा गेला. मग त्याने कबूल केले की दुपारपासून डोके फुटत आहे आणि दोनदा उलटी झाली.

उंचीचा त्रास कुणाला होईल, हे आधी सांगता येत नाही. साधारण आठ हजार फुटांच्या वर तो कुणालाही गाठू शकतो. दंडाच्या गोळ्यांशी त्याचा संबंध नाही. उलट, दणकट माणूस वेगाने चढतो, त्रास लपवतो आणि अधिक अडचणीत येतो. डोकेदुखी, मळमळ इथवर असेल तर विश्रांतीने भागते. तोल जाऊ लागला म्हणजे मेंदूला सूज येऊ लागल्याची शंका घ्यायची, आणि अशा वेळी खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे.

भैजी म्हणाला, “हा आत्ता उतरणार. माझा माणूस बरोबर जाईल. आजच्या आज तळ्यापर्यंत, आणि जमले तर गावापर्यंत.”

वडील गडबडले. संध्याकाळचे सात वाजले होते. बाहेर उणे दहाच्या आसपास थंडी. ते म्हणाले, “गोळी द्या, रात्रभर झोपू द्या, सकाळी बघू.” मग म्हणाले, “एवढ्या लांबून आलो. वर्षभर ठरवत होतो. उद्याचे तीन-चार तासच तर राहिलेत.” त्यांचा आवाज चढला. आमच्यातल्या दोघा-तिघांनी त्यांची बाजूही घेतली. हे सगळे बोलणे उणे दहाच्या हवेत, वाफा सोडत, कपाळाला बांधलेल्या दिव्यांच्या उजेडात चालले होते. ज्याच्याबद्दल ते चालले होते, तो मुलगा एका दगडावर मान खाली घालून बसला होता.

भैजीने आवाज चढवला नाही. तो म्हणाला, “साहेब, हिवाळ्यात आमची मेंढरेही खाली उतरतात. त्यांना कुणी भित्री म्हणत नाही.” आणि तो मुलाच्या बुटांना साखळ्या चढवू लागला.

मग दुसरा प्रश्न निघाला. वडिलांनी काय करायचे? साहाय्यक बरोबर होता, त्यांनी जाण्याची सक्ती नव्हती. मुलगाच म्हणाला, “बाबा, तुम्ही वर जाऊन या. निदान एकाने तरी.” गृहस्थांनी वर शिखराकडे पाहिले. अंधारात तिथे काही दिसत नव्हते. मग ते तंबूत गेले. आम्हांला वाटले, झोपायला गेले. दहा मिनिटांनी ते पिशवी पाठीला लावून बाहेर आले आणि कुणाशी न बोलता मुलाच्या मागे उभे राहिले. तीन दिवे उतारावरून खाली खाली गेले. त्यांच्या पाठोपाठ काळे कुत्रेही गेले. खिचडीचे मीठ त्याने आळणी होऊ दिले नाही.

समोर स्वर्गारोहिणी

पहाटे तीनला आम्ही बारा जण निघालो. एक साहाय्यक कमी झाल्यामुळे भैजीने नवा नियम सांगितला. आता जायचे तर सगळे, आणि परतायचे तर सगळे. वाटेत कुणी एकटे थांबायचे नाही. साताऱ्याच्या बाई पुन्हा पहिल्या. दोनशे पावले आणि एक मिनिट उभे राहणे, दोनशे पावले आणि एक मिनिट. पुण्याची मुले आता कुरकुरत नव्हती. रात्रीच्या प्रसंगाने त्यांना बरेच शिकवले होते. शेवटचा कडवट चढ आला तेव्हा त्यांच्यातल्या एकाने बाईंची पिशवी आपल्या छातीवर अडकवली. तांबडे फुटता फुटता आम्ही माथ्यावर होतो. बर्फात रोवलेला एक त्रिशूळ, दगडांचा छोटा ओटा आणि चारी बाजूंना डोंगरांची गर्दी.

पूर्वेला बंदरपूंछ, काळानाग आणि त्यांच्या अलीकडे स्वर्गारोहिणी. उंची ६,२५२ मीटर. पांडव याच वाटेने स्वर्गाला गेले, असे या खोऱ्यात मानतात.

तीस-चाळीस मुलांसमोर वर्गात उभे राहून महाप्रस्थानाची कथा मी पुष्कळदा सांगितली आहे. त्या शिखरासमोर उभे राहून ती निराळी वाटली. तीही एक हिवाळ्यासारखी गोठलेली पदयात्राच. पाच भाऊ, द्रौपदी आणि एक कुत्रा रांगेने चालले आहेत. प्रथम द्रौपदी पडते. मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. दर वेळी भीम विचारतो, “ही का पडली? हा का पडला?” धर्मराज पडलेल्याचा दोष सांगतो आणि मागे वळून न पाहता पुढे जातो. हिला अर्जुनाविषयी पक्षपात होता, याला बुद्धीचा गर्व होता, त्याला रूपाचा. पडणाऱ्याचा काही तरी दोष असणारच, ही ती दृष्टी. पायथ्याच्या तळावर आमच्यातलेही काही जण हेच म्हणत होते ना? ‘पोराने धावायला नको होते.’ ‘व्यायाम कमी पडला.’ भैजीने दोष सांगितला नाही. त्याने साखळ्या चढवल्या.

महाभारतकारालाही तो शेवट पुरता मानवलेला दिसत नाही. त्याने पुढे धर्मराजाला कुत्र्यासाठी स्वर्गाच्या दारात अडून बसायला लावले, आणि त्याहीपुढे, भाऊ नरकात आहेत असे दिसताच, ‘मग मीही इथेच राहतो’ असे म्हणायला लावले. वर पोहोचल्यावर का होईना, धर्मराजाला मागच्यांकडे वळावेच लागले.

या खोऱ्याचे मन मुळातच हरलेल्यांच्या बाजूचे आहे. टोन्सच्या काठी देवरा गावात कर्णाचे देऊळ आहे. वरच्या गावांतून दुर्योधनाची पूजा चालते, असे प्रवाशांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवले. आता गावकरी तो देव सोमेश्वर असल्याचे सांगतात. काही असो, विजयी वीरांच्या शिखराखाली पराभूतांना ओवाळणारी माणसे राहतात, हे मला फार बोलके वाटते.

वीस मिनिटे झाली नसतील तोच वारा उठला. भैजीने मोजले, “बारा,” आणि उतरायला सांगितले. कुणी “आणखी एक फोटो” म्हटले नाही.

थंडीतला रोजगार

संध्याकाळी तिसऱ्या मुक्कामावर आणि दुसऱ्या दिवशी सांकरीत आलो. ओसरीवर नाशिकचे बापलेक बसले होते आणि त्यांच्या पायाशी काळे कुत्रे. तळ्यापर्यंत उतरता उतरताच मुलाचे डोके हलके झाले होते, गावात येईस्तोवर त्याला कडकडून भूक लागली होती. वडिलांनी आमचे शिखरावरचे सगळे फोटो एकेक करून पाहिले. मग ते मला म्हणाले, “अर्ध्या वाटेनंतर तो पुढे जाऊन प्रत्येक वळणावर माझ्यासाठी थांबत होता. कॉलेजात गेल्यापासून आम्ही इतका वेळ एकत्र चाललो नव्हतो.” एवढेच बोलून ते राजम्याची उसळ वाढायला उठले.

या गावाच्या हिवाळ्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. एरवी बर्फ पडले की शेते झाकली जात. बायका लोकर कातीत आणि तरुण मुले कामासाठी खाली मैदानात उतरत. आता तोच हिवाळा कमाईचा हंगाम झाला आहे. पोरगा वाटाड्या होतो, काका खोल्या भाड्याने देतो, मावशी राजमा विकते. हे उत्तमच आहे. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तळ्याकाठी तंबूंना तंबू लागतात. चॉकलेटची वेष्टने बर्फाखाली जातात आणि वसंतात पुन्हा वर येतात. २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली, ती याच काळजीपोटी. हे गवत वर्षातले काही महिनेच वाढते. त्यावर गादी टाकून आपण झोपलो, की ते सावरायला काळ लागतो. आमच्या भैजीच्या कमरेला एक पिशवी बांधलेली असे. वाटेतला कचरा तो वाकून उचली. पहिल्या दिवशी तो एकटा वाकत होता. तिसऱ्या दिवशी सहा-सात जण वाकू लागले.

आणि धोका खोटा नाही. २०२४ च्या जूनमध्ये गढवालातच सहस्रताल तळ्याच्या वाटेवर बावीस जणांच्या तुकडीला हिमवादळाने गाठले आणि त्यांतले नऊ जण दगावले. ती मंडळी काही नवशिकी नव्हती, आणि तो तर उन्हाळा होता. पर्वताला ऋतूचे नाव सांगून भागत नाही.

मग जावे की न जावे? माझे मत विचाराल, तर गुडघे आणि हृदय डॉक्टरांना दाखवून, दोन-तीन महिने रोज तास-दीड तास चालून, चढ-उतारासाठी आपल्या सिंहगडावर किंवा जवळच्या टेकडीवर दर रविवारी जाऊन, अवश्य जावे. नाताळची गर्दी टाळून जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत जावे. एक जादा दिवस हाताशी ठेवावा, म्हणजे परतीच्या तिकिटाच्या काळजीने कुणी डोकेदुखी लपवणार नाही. मुलांना न्यावे, पण शिखराचे वचन देऊन नेऊ नये.

आणि पैसे भरण्याआधी आयोजकांना जेवणात काय काय मिळेल, तंबू किती माणसांचा आहे, हे आपण विचारतोच. ते खुशाल विचारावे. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा: “आमच्यापैकी कुणी मध्येच थकले, तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार?” याचे उत्तर ज्याच्याजवळ चटकन आणि नेमके असेल, त्याच्या मागून निर्धास्त चालावे.